पाहुण्याखालचा मुद्देमाल

त्या बुधवारची दुपार आठवली की मी आजही एकटाच हसायला लागतो, आणि बायको आतून विचारते, "आता कोणाला पकडलंत?"

पोलीस खात्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. खून पाहिले, दरोडे पाहिले. एकदा तर चोरीची म्हैस जप्त करून ठाण्याच्या आवारात बांधली आणि तिचं दूध मुद्देमालात धरायचं की नाही यावर वरिष्ठांशी रीतसर पत्रव्यवहारही केला. पण चारचौघांत बसलो की मला सांगाविशी वाटते ती हकिगत वर्दी उतरवल्यानंतरची आहे. निरीक्षक असताना मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि रियाधला, अल मलाझमधल्या एका खासगी रुग्णालयात सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू झालो. वर्दी गेली, सवयी राहिल्या. सकाळी पहारेकऱ्यांची हजेरी, रात्रपाळीकडून तोंडी अहवाल, मग सगळ्या मजल्यांची गस्त. "तुम्ही निवृत्त झालात हे तुम्हाला कोणीतरी लेखी कळवायला पाहिजे," असं बायको म्हणायची.

नावं कोणाचीच सांगणार नाही. पण हौशी रंगमंचावर बरीच वर्षं तोंडाला रंग फासलेला माणूस आहे मी, पात्रपरिचय दिल्याशिवाय माझा पडदा वर जात नाही.

पहिलं पात्र चाचा. श्रीवर्धनकडचे, वयानं माझ्याच बरोबरीचे, रुग्णालयाच्या सगळ्या संगणकांचे रखवालदार. सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणे. दुसरं पात्र डॉक्टरबाई. नागपूरच्या, क्ष-किरण विभागाच्या प्रमुख. चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. तिसरे मुदीर, म्हणजे आमचे संचालक. सौदी गृहस्थ, अत्तराचा मंद दरवळ, त्याहून मंद आवाज. त्यांना आवाज चढवताना कोणी ऐकलं नव्हतं, आणि लोकांना त्याचीच भीती वाटे.

आता घटनास्थळ. रुग्णांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून आमच्याकडे सगळ्या संगणकांची पेनड्राइव्ह लावायची तोंडं बंद केलेली होती. उघडं तोंड एकच, चाचांच्या खोलीतल्या युनिक्स जातीच्या यंत्राला. तिथेही तुमचा-आमचा ड्राइव्ह चालत नसे. रुग्णालयाचा एक काळा ड्राइव्ह होता, चाचा तो लावत, आणि इतर विभाग आपापल्या जागेवरून, नेटवर्कवरून त्यात फाइली टाकत.

या यंत्राची एक गंमत चाचांनी मला पहिल्याच महिन्यात समजावली होती. आपल्या घरच्या संगणकाला पेनड्राइव्ह लावला की तो स्वतंत्र खोली मिळाल्यासारखा वेगळा दिसतो. युनिक्सवर तसं नाही. तिथे आधीपासून असलेला एखादा रिकामा फोल्डर दाखवून सांगावं लागतं, की या ड्राइव्हला इथे बसव. याला ते माउंट करणं म्हणतात. चाचांनी त्या फोल्डरचं नाव ठेवलं होतं ‘पाहुणा’.

"आणि उठवतानापण सांगून उठवायचं, साहेब," ते म्हणाले होते. "यंत्र लिहिलं लिहिलं म्हणतं, पण थोडं आपल्या डोक्यात ठेवतं, सवडीनं ड्राइव्हवर उतरवतं. तुम्ही मध्येच उपटलात तर ते डोक्यातलं तिथंच राहिलं."

डॉक्टरबाईंनी एकदा तसा उपटला होता. चाचांनी त्यांना दारातच गाठलं.

"डॉक्टरबाई, पेशंटला टाके घालायच्या आधी टेबलावरून ढकलता काय तुम्ही?"

"चाचा, मला घाई होती ना."

"घाई मलापण आहे. मला पेन्शन घेऊन गावाला जायचंय. म्हणून मी तुमचं मशीन लाथेनं बंद करतो काय?"

तेव्हापासून काळ्या ड्राइव्हला हात लावायचा तो फक्त चाचांनी, असा नियमच झाला. नमाजची वेळ झाली की चाचा ड्राइव्हला सांगून उठवत, काढत, खणात ठेवून कुलूप लावत आणि खालच्या मजल्यावर नमाजला जात. परत आले की पुन्हा खण उघडायचा, पुन्हा पाहुणा बसवायचा. उघड्या खोलीत ड्राइव्ह लावून ठेवून मी देवासमोर उभा राहणार नाही, माझं लक्ष लागणार नाही, असं ते म्हणत.

त्या आठवड्यात चाचांचं लक्ष तसंही कशात नव्हतं. शनिवारी श्रीवर्धनला त्यांच्या धाकट्या मुलीचा निकाह होता. थोरलीच्या वेळी सुट्टी मिळाली नव्हती, तिचा निकाह त्यांनी फोनच्या पडद्यावर पाहिला होता. या वेळी गुरुवार संध्याकाळचं विमान ठरलेलं होतं. जाऊन परत येण्याची परवानगी, जिला इथे एक्झिट-रीएंट्री म्हणतात, ती तेवढी मुदीरच्या संगणकावरून निघायची होती. एका बटणाचं काम. बॅग भरून खोलीत उभी होती आणि चाचा जो भेटेल त्याला विचारत होते, "शेरवानीवर चष्मा बरा दिसेल काय?"

आणि बुधवारी दुपारी डॉक्टरबाई माझ्या केबिनमध्ये आल्या. बसल्या नाहीत.

"साहेब, माझे स्कॅन गेले."

शिकवण्यासाठी म्हणून निवडलेले, नावं पुसलेले, वर्षानुवर्षं जमवलेले स्कॅन होते ते. जेद्दाच्या शाखेतल्या नव्या लोकांना शिकवायला जायचं होतं, म्हणून बाईंनी ते आपल्या जागेवरून काढून ‘पाहुणा’मध्ये हलवले. जेवून आल्या आणि पाहतात तो पाहुण्यात गेल्या वर्षीची दोन-चार जुनी सादरीकरणं. त्यांचं एकही चित्र नाही.

"मूळ प्रत?"

"हलवले म्हटलं ना. इकडून उचलले, तिकडे ठेवले. दोन-दोन प्रती कशाला ठेवायच्या? मला काय माहीत असं होईल म्हणून."

मी त्यांना पाणी दिलं. माझा अनुभव असा, की फिर्यादी उभा राहून बोलतो तोवर अर्धी गोष्ट सांगतो. बसला की उरलेली सांगतो. पण बाई बसल्या तरी गोष्ट तेवढीच निघाली.

मुदीरनी देखभाल कंपनीचा तज्ज्ञ बोलावला. त्यानं यंत्राची नोंद काढून दाखवली. काळा ड्राइव्ह नमाजच्या वेळी निघाला होता, नमाजनंतर पुन्हा बसला होता. मधल्या वेळात तो कुठे होता? चाचांच्या खणात. किल्ली कोणाकडे? चाचांकडे. तज्ज्ञानं खांदे उडवले. मुदीर शांतपणे म्हणाले, "चौकशी होईपर्यंत संबंधिताला देश सोडता येणार नाही. हा माझा राग नाही, हा नियम आहे. तोवर ड्राइव्ह आहे तसाच राहील, त्याला कोणी हात लावायचा नाही." आणि जाता जाता माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्या दुपारी मी घरी जातो. शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्यानंतर थेट रविवार."

म्हणजे हातात गुरुवारची सकाळ. ती गेली की विमान गेलं, निकाह गेला.

तेवढ्यात खबर आली. खबरीशिवाय तपास म्हणजे मिठाशिवाय कालवण. माझा फोन वाजला, पलीकडून बारीक आवाजात हिंदीत एकच वाक्य आलं: चाचाच्या खिशात लाल पेनड्राइव्ह आहे, दोन दिवस जपतोय. फोन बंद. आवाज उपाहारगृहातल्या गल्लेवाल्याचा होता. आवाज बदलताना माणूस खोकणं बदलायला विसरतो.

चाचांना बोलावलं. दार लावलं. खुर्ची भिंतीशी न ठेवता टेबलाच्या कडेला ठेवली, कारण समोर बसवलेला माणूस भांडतो आणि कडेला बसवलेला बोलतो.

"चाचा, खिसे रिकामे करा."

रुमाल, जपाची तसबीह, इकामा म्हणजे इथलं रहिवासी ओळखपत्र, बडीशेपेची पुडी. आणि लाल पेनड्राइव्ह. तो टेबलावर ठेवून त्यांनी असा काही मुठीनं झाकला, की माझ्यातला निरीक्षक खडबडून जागा झाला.

"यात काय आहे?"

"नाय सांगणार."

"चाचा, मी तुमच्या बाजूनं आहे."

"म्हणूनच नाय सांगणार. उद्यापासून तुम्ही माझ्याकडे सरळ तोंडानं बघणार नाय."

"परवा तुमच्या मुलीचा निकाह आहे."

"परवा नाय, तेरवा. आणि साहेब, मला लॉकअपमध्ये टाका, जेवायला देऊ नका, पण हे लावू नका."

भल्याभल्या अट्टल गुन्हेगारांनी माझ्यासमोर इतकं खंबीरपण दाखवलेलं नाही. शेवटी मी दोन चहा मागवले आणि गप्प बसलो. चौकशीत प्रश्नांपेक्षा चहाच्या कपावरची शांतता जास्त कामाची असते. कप निम्मा झाला तेव्हा चाचांनी मान खाली घातली आणि ड्राइव्ह माझ्याकडे सरकवला. "तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपला लावा. आणि आवाज कमी ठेवा."

पडद्यावर चाचांच्या बिऱ्हाडातली खोली दिसली. तीन खोलीभाई बिर्याणीचं रिकामं पातेलं उलटं करून बडवत होते. आणि मध्यभागी चाचा, डोक्यावरून चादरीचा पदर, गावाकडे बायका हळदीला म्हणतात ते गाणं म्हणत, नवरीच्या मावशीच्या थाटात कंबर हलवत होते. रुग्णालयातल्या शल्यविशारदांना दारातून परत पाठवणारे आमचे चाचा. कडव्याच्या शेवटी गिरकी घेताना चादर पायात अडकली, ते कॅमेऱ्याबाहेर गेले, आणि पातेलं मात्र वाजतच राहिलं.

मी टेबलावर डोकं ठेवून हसलो. बाहेरच्या पहारेकऱ्यानं दार ठोठावून विचारलं, "सर, सगळं ठीक आहे ना?"

"पोरीला दाखवायचंय," चाचा पुटपुटले. "हळदीच्या दिवशी. थोरलीच्या वेळी मी नव्हतो. ही म्हणाली, बाबा, तुम्ही आलात तर नाचाल काय. मी म्हटलं, सगळ्यांसमोर नाय नाचणार, करून आणतो."

अहवालात मी लिहिलं: खासगी कौटुंबिक चित्रफीत, तपासाशी संबंध नाही. हे वाक्य लिहिताना पेन तीनदा थांबवून हसलो.

पण त्यानं चाचा सुटले नव्हते. माल अजून बेपत्ताच होता.

गुरुवारी सकाळी मी तज्ज्ञाचा अहवाल बाजूला ठेवला आणि जागेचा पंचनामा करायचं ठरवलं. चाचा, डॉक्टरबाई आणि पंच म्हणून माझे दोन पहारेकरी, असे सगळे चाचांच्या खोलीत गोळा झालो. संशयितानं मुद्देमालाला हात लावायचा नाही, हा माझा जुना दंडक. म्हणून चाचा सांगणार आणि डॉक्टरबाई यंत्रावर लिहिणार, असं ठरलं. बाईंच्या खुर्चीमागे चाचा हात पाठीशी बांधून उभे. दोघं बुधवारपासून एकमेकांशी बोललेले नव्हते.

संगणकातलं मला काही कळत नव्हतं. झडती कळत होती. खूप वर्षांपूर्वी एका घरावर दारूसाठी छापा घातला होता. आत काही सापडेना. घरमालक वर सरबत पाजत होता. मी बाहेर जाऊन भिंतीच्या कडेनं पावलं टाकली, मग आत येऊन टाकली. आतलं घर बाहेरच्या घरापेक्षा चांगलंच आखूड भरलं. मग खोटी भिंत फोडली, आणि घरमालकानं सरबताचा पेला माझ्या हातून परत घेतला.

"चाचा," मी म्हणालो, "या यंत्राच्या पोटात एकूण किती माल भरलाय, हे बाहेरून मोजणारा काही आदेश आहे का?"

"आहे."

"आणि आत शिरून एकेक फोल्डर मोजत बेरीज करणारा?"

"तोपण आहे. पण दोन्ही एकच आकडा देणार, साहेब."

"देऊ दे. ड्राइव्ह वगळा, यंत्राची स्वतःची डिस्क तेवढी मोजा."

चाचांनी सांगितलं, बाईंनी लिहिलं. पहिला आकडा लगेच आला. दुसऱ्याला वेळ लागला, तोवर एका पंचानं जांभई दिली आणि मी त्याच्याकडे पाहिलं. मग दुसरा आकडा आला. दोघांत फरक होता. थोडाथोडका नाही. घर बाहेरून मोठं, आतून आखूड.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा फरक तर जवळपास माझ्या स्कॅनएवढाच आहे."

चाचा पडद्याकडे बघत राहिले. मग सावकाश विचारलं, "डॉक्टरबाई, फाइली तुम्ही किती वाजता हलवल्या?"

"नमाजच्या वेळी. या वेळी माल मोठा होता, म्हणून मुद्दाम तेव्हा बसले. सगळे गेलेले असतात, नेटवर्क मोकळं असतं."

"आणि मी नमाजला जाताना ड्राइव्ह काढून जातो."

"पण ‘पाहुणा’ तर मला दिसत होता."

"तो दिसणारच. पाहुणा गेला म्हणून बैठक थोडीच जाते? तुम्ही रिकाम्या बैठकीवर सामान ठेवलंत, बाई. यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर. मग मी येऊन त्याच्यावर पाहुणा बसवला."

मला एकदम रंगमंच दिसला. मागे राजवाडा उभा असावा आणि कोणी त्याच्यापुढे जंगलाचा पडदा सोडावा. राजवाडा कुठेही गेलेला नसतो. प्रेक्षकांना फक्त झाडं दिसतात, आणि आम्ही कालपासून झाडांत राजवाड्याचा चोर शोधत होतो.

"मग उठवा की त्याला," मी म्हणालो.

चाचांनी आदेश सांगितला, बाईंनी लिहिला. यंत्रानं नकार दिला. जागा वापरात आहे, म्हणालं.

"कोणीतरी तो फोल्डर उघडून बसलंय," चाचा म्हणाले. "कोणी आत असलं की यंत्र पाहुण्याला उठवत नाय. कोण आहे ते बघायचा आदेश आहे, लिहा."

बाईंनी लिहिला. पडद्यावर उत्तर आलं. चाचांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "साहेब, मुदीर."

मुदीर वर आपल्या दालनात बसून कालपासून तोच फोल्डर उघडून पाहत होते. बिचाऱ्यांना वाटत होतं, चित्रं परत येतील. आता त्यांना सांगायचं कोणी? दोन्ही पंच छताकडे बघू लागले. मी फोन लावला आणि माझ्या मोडक्यातोडक्या अरबी-इंग्रजीत शक्य तेवढ्या अदबीनं म्हणालो, "महोदय, आपण पुराव्यावर बसला आहात. कृपया उठावं."

पलीकडून तोच मंद आवाज. "मी खुर्चीवर बसलो आहे."

"खुर्चीवर बसून राहा, महोदय. तो फोल्डर बंद करा."

फोल्डर बंद करून मुदीर थांबले नाहीत, स्वतः खाली आले. दारात उभे राहिले तसा अत्तराचा दरवळ खोलीत शिरला. बाईंनी तोच आदेश पुन्हा लिहिला. या वेळी यंत्र काहीच बोललं नाही. युनिक्स काम झालं की गप्प बसतं, हे मला चाचांनी नंतर सांगितलं. असे शिपाई मला आयुष्यात दोनच मिळाले.

बाईंनी ‘पाहुणा’ उघडला. त्यांचे स्कॅन, एकूण एक, ठेवले होते तसे पडलेले. गुडघे, मणके, कवट्या. सांगाडे बघून इतका आनंद झालेली माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती. डॉक्टरबाईंनी एक कवटी मोठी करून पाहिली आणि पदराला डोळे पुसले. मुदीर पुढे वाकून म्हणाले, "खलास?"

"खलास," मी म्हणालो. "चोरी झालेलीच नाही. चोर नाही, माल जागेवर, फिर्याद निकाली."

मुदीरनी चाचांच्या खांद्यावर हात ठेवला. "हबीबी, शनिवारी निकाह आहे ना? मग इथे काय करतोस? यल्ला, निघ." ते वर गेले, आणि चहा येण्याआधी चाचांच्या फोनवर परवानगी आली होती.

पण चाचा जायला तयार होईनात. त्यांनी आधी बाईंच्या फाइली सुरक्षित जागी हलवल्या. मग तो रिकामा फोल्डर असा कुलूपबंद केला, की त्यावर ड्राइव्ह बसलेला नसेल तर त्यात कोणाला एक अक्षर ठेवता येणार नाही. मी घड्याळ दाखवत होतो आणि ते म्हणत होते, "एवढं करू द्या, नायतर हळदीत माझं लक्ष लागणार नाय."

विमानतळावर सोडायला डॉक्टरबाईंनी आपली गाडी काढली. चाचा पुढे, मी मागे शेरवानीच्या पिशवीशेजारी. बाई गाडीही बोलतात तशाच चालवतात. चाचांनी दाराच्या वरचा दांडा पकडला तो विमानतळ येईपर्यंत सोडला नाही.

"चाचा, चूक माझी होती," बाई वळण घेत म्हणाल्या. "ड्राइव्ह बसलाय की नाही हे मी बघायला पाहिजे होतं. आणि एक प्रत ठेवायला पाहिजे होती."

"काहीतरीच काय. रिकामा फोल्डर उघडा टाकला मी. चूक माझी."

"अहो, मी तुमच्यावर संशय घेतला."

"घेणारच. मी तुमच्या जागी असतो तर मीपण घेतला असता. समोर बघा, बाई."

"मी समोरच बघते आहे. चूक माझी आहे."

"नाय, माझी."

"चाचा, तुम्ही ऐकत का नाही?"

सबंध नोकरीत मी माणसांना गुन्हा नाकारताना ऐकलं. शपथेवर नाकारलेला ऐकला, रडून नाकारलेला ऐकला, रंगेहाथ पकडल्यावर हातातली वस्तू आपली नाही असं सांगून नाकारलेला ऐकला. एकच गुन्हा आपल्या नावावर लावून घेण्यासाठी भांडणारे दोन आरोपी मी त्या गाडीत पहिल्यांदा पाहिले. आणि गुन्हा झालेलाच नव्हता.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं नवे अधिकारी विचारतात. मी सांगतो, वस्तू हरवली की आपली जीभ ‘कोणी नेली’ असं विचारायला शिवशिवते, कारण त्यात तपासाची शान आहे. ‘कुठे ठेवली होती’ हा प्रश्न फिका वाटतो, घरातल्या बाईनं विचारल्यासारखा. तोच आधी विचारावा. ‘कोणी’ या प्रश्नाच्या उत्तरात नेहमी एक माणूस असतो, आणि त्याचं त्या संध्याकाळी विमान असू शकतं.

विमानतळाच्या दारात मी दोघांना थांबवलं आणि निकाल दिला: अर्धी चूक बाईंची, अर्धी चाचांची, अपील नाही. चाचांनी बॅग उचलली, दोन पावलं गेले आणि मागे वळून म्हणाले, "साहेब, माझी जरा जास्त लिहा. बाईंना अजून शिकवायला जायचंय, मी तर नाचायला चाललोय."